हातात एक्के असताना

शेवटचा पत्ता उलटला. नव्वी.

डॉक्टरबाईंनी राजांची जोडी उघडी करून ठेवली होती. समोरच्या टोपीवाल्याकडे नुसती नव्व्यांची जोडी. आता त्याच्या तीन झाल्या. डॉक्टरबाईंपुढचा, डावावर लावायच्या चिप्सचा ढीग बघता बघता त्याच्याकडे सरकला. त्यांच्याकडे मूठभर उरल्या.

आजची ही दुसरी वेळ. सकाळी हातात दोन एक्के होते, तेही असेच शेवटच्या पत्त्यावर गेले. पोकरच्या या स्पर्धेत शंभरातले चौदा जण उरले होते. नऊ उरले की शेवटचं टेबल. तिथवर त्या आजवर एकदाही पोचल्या नव्हत्या.

"माफ करा, डॉक्टरबाई," टोपीवाला ओशाळून म्हणाला.

"तुम्ही कशाला माफी मागता? पत्ता तुम्ही थोडाच छापलात?"

त्यांनी उरलेल्या चिप्सची नीट उतरंड रचली. तेवढ्यात दहा मिनिटांची सुट्टी झाली.

पाण्याच्या कूलरपाशी धाकटा भाऊ उभा होता. त्यांच्यापेक्षा तोच जास्त कावला होता. "ताई, आता मोठे पत्ते आले तरी दडून बस. आजचा दिवसच फिरलाय."

"पत्त्यांना आज वार कुठला तेसुद्धा माहीत नसतं. दिवस कसला फिरतोय?"

"दोनदा हात पोळलाय तुझा."

"अशा वेळी राजे पाचातून चारदा जिंकतात. मघाशी पाचवी वेळ होती."

"आणि सकाळी?"

"सकाळीही पाचवीच." त्या हसल्या. हातातला भरलेला पेला तसाच ठेवून त्या बाथरूममध्ये गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि डोळे लाल.

"रडलीस?"

"दोन मिनिटं. सुट्टी दहा मिनिटांची आहे."

पुढचा पाऊण तास त्या नुसते पत्ते टाकून डाव सोडत राहिल्या. तिर्री आणि अठ्ठी. दुर्री आणि सत्ती. शेजारच्या म्हाताऱ्याने मध्येच आपल्या मांजराच्या कानाचं दुखणं काढलं. डॉक्टरबाई खऱ्या गाईम्हशींच्या डॉक्टर, तरीही त्यांनी सगळं ऐकून घेतलं, औषध सांगितलं, आणि ते दिवसातून दोनदाच घालायचं असं बजावलंही.

मग त्यांनी नव्या दोन पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. एक्का. दुसराही एक्का.

टोपीवाल्याने चिप्स पुढे केल्या. डॉक्टरबाई दर वेळी थांबत तेवढ्याच थांबल्या. मग म्हणाल्या, "सगळं." आवाज मांजराचं औषध सांगताना होता तसाच. आपली उतरंड त्यांनी दोन्ही हातांनी पुढे सरकवली.

टोपीवाल्याने बराच विचार केला आणि त्यानेही तेवढ्याच चिप्स लावल्या. त्याच्याकडे बदाम राणी आणि बदाम गुलाम. आता दोघांनाही करण्यासारखं काही उरलं नव्हतं. टेबलावरचे पाच पत्ते उलटताना बघायचे, एवढंच. चार उलटले, तोवर एक्के पुढे होते. चारांत बदाम दोनच होते.

पाचवा बदामाचा निघाला. टोपीवाल्याचे पाच बदाम जुळले, एक्के हरले.

टोपीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. डॉक्टरबाईंनी उठून त्याच्यापुढे हात केला. "आता शेवटच्या टेबलापर्यंत जा," त्या म्हणाल्या, पर्स घेतली आणि खुर्ची आत सारून ठेवली.

बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीमागून भावाला पत्ते दिसले नव्हते. ताईला ताठ चालत येताना बघून त्याचा चेहरा उजळला. "जिंकलीस ना?"

"नाही रे. बाहेर पडले."

"पत्ते काय होते?"

"एक्के."

दोघं जिन्याशी आली तेव्हा त्याने विचारलं. "ताई, खरं सांग. चुकलं कुठं?"

डॉक्टरबाई कठड्याला धरून थांबल्या. त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं, सकाळपासूनचा एकेक डाव.

"एक चुकला," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्या तासातला. दश्श्यांची जोडी धरून अडून बसले. समोर राण्या आहेत हे दिसत होतं मला. जोडी टाकून डाव सोडायला हवा होता."

"मग?"

"शेवटचा पत्ता दश्शी आला."

"म्हणजे तो डाव तर तू जिंकलीस!"

"हो ना. म्हणून तर चुकलं कुठं ते कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.