दोन चुकांचं नाणं

"हे धुतलंत का?" परीक्षकांनी भिंग खाली ठेवत विचारलं.

"चिंचेनं घासलं. प्रदर्शनात चकचकीत दिसावं म्हणून," वसुधा म्हणाली.

"अरेरे. ठसा सरकलेला, शिवाय मागची बाजू उलटी. टांकसाळीच्या दोन्ही चुका एकाच नाण्यावर असलेली अशी दोनच नाणी आम्हाला माहीत आहेत. पण घासलेल्या नाण्याला श्रेणी देता येत नाही, बाई. त्या काळपट थरातच त्याचं मोल होतं."

दुसरं नाणं राजवाडेकाकांचं. भिंग कसं धरायचं इथपासून त्यांनीच तिला सगळं शिकवलं होतं. गेल्या आठवड्यात फोनवर तेच म्हणाले होते, "पोरी, नेण्याआधी चिंच लाव. मीही लावतोय."

ती शेजारच्या टेबलापाशी गेली. काचेखाली काकांचं नाणं होतं. काळंकुट्ट, जसं सापडलं तसंच. त्याच्या पायाशी सुबक छापील पाटी:

मूळ अवस्थेत उरलेलं एकमेव नाणं

"काय म्हणाले गं परीक्षक?" काकांनी मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

वसुधाने तो हळूच बाजूला केला.

"तुम्हाला ठाऊकच होतं की, काका. पाटी घरूनच छापून आणलीत."