पाटीच्या कामट्या

“काकी, माझ्या कंदिलाला म्हावऱ्याचा वास येतोय.”

मंजुळाने झटकन मागे वळून रंभाला गप्प केलं. त्रिपुरी पौर्णिमेची कंदीलफेरी नुकती देवळापासून निघाली होती. बाळकुमच्या कोळीवाड्यातली पोरं आणि पलीकडच्या नव्या बिल्डिंगमधली पोरं एका रांगेत, प्रत्येकाच्या हातात स्वतः केलेला कंदील. आठवडाभर मंजुळानेच ते त्यांच्याकडून करून घेतले होते.

“मासळीचा कसला? खळीचा असेल. मैदा आंबला असेल.”

“नाय काकी, म्हावऱ्याचाच. मेणबत्ती लावली तवा सुटला.”

कोळ्याच्या पोरीला कोण फसवणार?

दुपारी बांबूच्या कामट्या संपल्या होत्या. तीन-चार पोरं तोंड पाडून बसलेली, त्यात बिल्डिंगमधल्या बायका बघायला यायच्या होत्या. मंजुळा मागच्या पडवीत गेली, खुंटीवरची सासूची मासळीची पाटी काढली आणि कोयत्याने उकलली. आवडाबाईने जन्मभर डोक्यावर वाहिलेली बांबूची पाटी. गुडघे गेल्यापासून ती खुंटीलाच होती. कुणाला लागतेय आता, असं मंजुळाने स्वतःला समजावलं. कामट्या कमी पडल्या हे खरं. पण ती पाटी तिला घरात नको होती, हे त्याहून खरं. बिल्डिंगमधली कुणी आली, की वासाच्या धास्तीने ती आधी पडवीचं दार लोटून घ्यायची. आवडाबाई तेव्हा आत झोपली होती. उठवून विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल हे ठाऊक होतं.

पाटीच्या वाकड्या कामट्यांचे कंदील गरगरीत, पोट सुटलेले झाले. पोरांना तेच जास्त आवडले.

फेरी मंजुळाच्या घराच्या गल्लीत वळली. ओट्यावर आवडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. पोरांना मागच्या वाटेने न्यावं असं मंजुळाच्या मनात आलं, पण पुढची पोरं ओट्याशी पोचलीसुद्धा.

“बघू गो, काय केलंस?” आवडाबाईने रंभाला हाक मारली. रंभाने कंदील थेट तिच्या तोंडाशीच नेला.

म्हातारीचं हसू थांबलं. तिने डोळे मिटून श्वास घेतला. मग पतंगाच्या कागदाआडून बोट घालून आतली कामटी चाचपली. बराच वेळ चाचपली.

“आई, कामट्या संपलेल्या,” मंजुळा घाईघाईने म्हणाली. “पोरं रडायला लागली. मी उद्याच बुरडाकडून नवी पाटी आणते तुम्हाला.”

बोलता बोलताच तिला स्वतःची शरम वाटली. नवी पाटी घेऊन म्हातारी काय करणार?

“आजी, वास येतो ना?” रंभाने विचारलं. “टाकून देऊ?”

“टाकू नको. झ्याक झालाय.” आवडाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. “जा बाय, मेणबत्ती विझंल.”

पोरं पुढे सरकली. मंजुळाचा पाय निघेना. सासूने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजारात भाव पाडणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत खबर घेणारी बाई. आज तिच्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही.

“आई, चुकलं माझं.”

आवडाबाईने पदराने बोटं पुसली, मग तीच बोटं नाकाशी नेली.

“तुझा सासरा गेला तवा त्याचं जाळं मीच देऊन टाकलं, गो. माणूस गेला का त्याच्या वस्तू काढतातच.” तिने वर पाहिलं. “पण मी तं अजून इथंच बसलेय.”