पासष्ट भागाकार

हुमेरा मॅडमनी वही शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि मान वर केली.

"शालूमावशी, हे सगळं तुम्ही केलं?"

"मंग कोन करंल?"

साखरा गावच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शालूबाई हसली नाही. छप्पन्नाव्या वर्षी, याच दिवाळीत ती भागाकार शिकली होती. महिन्यापूर्वी मॅडमनी फळ्यावर १,००,००३ लिहून सांगितलं होतं, ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानंच भाग जात नाही.

"कोनी करून पाह्यलं?" शालूबाईनं विचारलं होतं.

पुस्तकात आहे, असं मॅडम म्हणाल्या. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नव्हतं.

मग रोज दुपारी, तुरीच्या बांधावर भाकर खाऊन झाली की ती वही उघडायची. दोन, तीन, पाच. सातानं भागलं तेव्हा नुसता एक उरला. किती तरी वेळ ती त्या एकाकडं बघत बसली. अकरा, तेरा, सतरा... नवरा माणिकराव म्हणायचा, "काहून डोकं शिणवून राहिली?" ती हातानंच त्याला थांबवायची, हातचा विसरू नये म्हणून. चार, सहा असले आकडे तिनं गाळले; दोनानं भाग जात नाही तर त्यांनी कुठून जाणार? पासष्ट मूळ संख्या, पासष्ट भागाकार. प्रत्येकाखाली काही ना काही उरलेलंच.

"पण तुम्ही तीनशे तेरावर थांबल्या," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या राहिल्या की."

शालूबाई उठली आणि तिनं खडू घेतला.

"पुढं कामच न्हाई. असं धरा, एक लाख तीन झाडं लावायची, समद्या ओळी बराबर. तीनशे तेराच्या पुढची मूळ संख्या तीनशे सतरा. तीनशे सतरा ओळी, ओळीत तीनशे सतरा झाडं." तिनं गुणाकार मांडला. १,००,४८९. "झाडं पुरली न्हाईत. म्हंजे ओळी तेवढ्या न्हाईतर जास्ती केल्या, की ओळीतली झाडं तीनशे सतराच्या आतच येनार. आन आतलं समदं मी तपासून बसले."

मॅडमनी फळ्यावरचा गुणाकार स्वतः एकदा तपासून पाहिला.

"हा नियम मी कॉलेजात नुसता पाठ केला होता, मावशी. तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगंल कोन? भागू भागू समजला."

मॅडम सतरंजीवर बायांमध्ये जागा करून बसल्या. "परत एकदा सांगा. सावकाश."

शालूबाईनं पदर खोचला, फळा पुसला आणि वर्गाकडं तोंड केलं.

"भागाकार कोनाकोनाला येतो? हात वर करा."

पहिला हात मॅडमचा वर गेला.