अँटेनाची चाचणी

"प्लॅस्टिकचं खेळणं आहे हे, मॅडम. याला काय कळतंय?" शिंपीकाका म्हणाले.

खेळणं म्हणावं असंच ते दिसत होतं. मूळचा अँटेना सकाळी कोसळत्या भिंतीखाली चिरडला. तेव्हा तंत्रज्ञ बाईंनी गाडीतल्या थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर चढवून हा कर्ण्यासारखा नवा काढला आणि आतून तांब्याचा रंग फासला. लांब-आखूड सगळ्या लहरी तो एकदम सोडायचा. त्यातली कुठली ना कुठली कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून पार जायची आणि आत कुणाची छाती हलत असेल, तर पडद्यावरची रेघ हलायची. तीन तासांत बाईंनी ढिगारा कोपरा न् कोपरा पालथा घातला होता. रेघ ढिम्म हलली नव्हती.

काकांची धाकटी मुलगी याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर शिकवायची. इमारत पडली त्याला आज चौथा दिवस.

खोदाईची यंत्रं कोपऱ्यावर धडधडत उभी होती. ती आत शिरली की ढिगाऱ्यात कुणी श्वास शोधणार नव्हतं.

"अँटेना बिघडला असेल तर थांबतो, दुसरा छापा," पथकप्रमुख म्हणाले. "चांगला असेल तर मला कामाला लागू द्या. बाई, माझ्यासमोर तपासा."

तपासायचं म्हणजे शेजारच्या पडक्या भिंतीमागे कुणाला तरी झोपवायचं आणि रेघ बघायची. बाई कुणाला हाक मारणार, तोच काका पुढे झाले.

"मी झोपतो."

बाईंना बरंच वाटलं. निदान यांची खात्री तरी पटेल.

"काही करायचं नाही, काका. नुसतं पडून राहायचं."

काका भिंतीमागे जाऊन आडवे झाले. बाईंनी अँटेना भिंतीला टेकवला. रेघ एकदा उसळली आणि सपाट झाली.

दहा सेकंद गेले. वीस. तीस.

"बिघडलाय की हो," म्हणत पथकप्रमुखांनी यंत्रवाल्यांना थांबायची खूण केली.

बाईंना ती पहिली उसळी आठवली. गप्प बसावं, असं त्यांना फार वाटलं. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? पण दुसरा छापला तरी ढिगाऱ्यात श्वास नाही, हेच तो सांगणार होता.

"काका," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "श्वास घ्या."

रेघ आणखी बराच वेळ सपाट राहिली. मग हलली. आधी एकदाच, मोठी. मग भराभर, तुटक तुटक, माणूस रडताना छाती हलते तशी.