हातभर भिंत

अरे ऐका तर! दादाला छोटुकलं घर बांधायचंय, पण ही जागा पुरेल का, ते बघायला आम्ही सगळे गेलो. गवंडीकाकांनी फक्कीने जमिनीवर पांढऱ्या रेघा मारल्या: हे बाथरूम, हा ओटा, ही आईची खोली. खोलीत मावले नाही तर मावशीकडे राहीन, हे आईनेच जाहीर केलेलं. दादा म्हणाला, "आई, झोपून बघ ना." आई खरंच आडवी झाली, तर पावलं भिंतीबाहेर! "बघ, नाही मावत मी," ती म्हणाली. मग वहिनीने चपलेने रेघ पुसली आणि मूठभर फक्की घेऊन भिंत हातभर पुढे नेली. गवंडीकाका म्हणाले, "ताई, मग गाडी आत येणार नाही." "राहील रस्त्यावर," वहिनी म्हणाली. दादाने नव्याकोऱ्या गाडीकडे बघत मान डोलावली. आई पडल्यापडल्याच म्हणाली, "उठू का, की भिंत वाळायचीय?"