वरचे चौदा दिवस

ऋषिराजने बायकोची वेणी धरून तिला सोनोग्राफीच्या खोलीत फरफटत आणलं आणि तपासणीच्या पलंगावर ढकललं. शिवांजलीचं कपाळ पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. त्याने खिशातून रिपोर्ट काढून डॉक्टरांच्या तोंडासमोर धरला.

“वाचा, मॅडम. मोठ्यानं वाचा.”

वाचायची काही गरज नव्हती. दोन तासांपूर्वी डॉ. चंदनबालांनीच त्यावर सही केली होती. गर्भ सहा आठवडे, चार दिवसांचा.

“म्हंजी शेचाळीस दिवस. आन् मी फौजेतनं सुट्टीवर येऊन झालं बत्तीस. वरचं चौदा दिवस कुणाचं, त्ये इचारा हिला!”

उत्तर ऐकायला तो थांबलाच नाही. त्याने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका शिवांजलीच्या पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. ती ओरडली नाही, नुसती पोटावर हात घट्ट धरून गुडघ्यात वाकली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. दारात तिच्या सासूबाई, शालूबाई, डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या. त्यांनी लेकाला अडवलं नाही.

चंदनबाला मधे पडल्या. “थांब! गरोदरपण आम्ही नवरा घरी आल्या दिवसापासून मोजत नाही. शेवटची पाळी आली, तिच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. दिवस राहतात ते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. हे चौदा दिवस प्रत्येक बाईच्या रिपोर्टात असतात. तुझी आई पोटुशी होती तेव्हाही असेच मोजले असतील.”

“मला येडा समजता व्हय? दिवस राह्यच्या आधीच पोरगं मोजत्यात?”

खरं तर शहाण्या माणसालाही ते वेड्यासारखंच वाटावं. ऋषिराजने चंदनबालांच्या एप्रनची कॉलर धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं. चष्मा खाली पडून फुटला. त्याने पुन्हा पट्टा उचलला, तेवढ्यात दवाखान्यातली रंगुबाई आत आली आणि तिने फरशी पुसायच्या ब्रशचा दांडा त्याच्या मनगटावर असा काही हाणला की पट्टा सुटलाच.

“आता उचल हात, मुडद्या,” ती म्हणाली. “दुसरंबी मोडते.”

तो मनगट धरून खाली बसला. चंदनबालांनी फुटलेला चष्मा उचलला. पंचवीस वर्षं त्यांनी सहा-सात आठवड्यांचे इवलेसे गर्भ मापण्यात घालवली होती. आधी सांगलीत, मग इथे वडूजला. वय दोन-चार दिवसांच्या फरकाने सांगता येतं, असं त्यांनी मोठमोठ्या परिषदांत सिद्ध करून दाखवलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. पण हे आठवडे कुठून मोजायचे, ही एक ओळ रिपोर्टावर मराठीत छापावी, असं त्यांना कधी सुचलं नव्हतं. भागातल्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस फौजेत, आणि तरी सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मग त्या शालूबाईंकडे वळल्या. “तुमच्यात बाया अजून बाहेर बसतात ना? ही शेवटची कधी बसली होती?”

शालूबाईंनी लेकाकडे बघितलं.

“शालूबाई, कधी?”

“औंधाच्या यमाईच्या यात्रंला,” त्या कशाबशा म्हणाल्या. “समदी गेलो आमी. ही त्याच सकाळी बाहेर बसली, म्हून हिला घरीच ठिवली.”

चंदनबालांनी भिंतीवरचं कॅलेंडर उपटून टेबलावर आपटलं आणि यात्रेच्या तारखेपासून आजपर्यंत एकेक चौकोन बोटाने दाबत गेल्या. शेचाळीस. चौदाव्या चौकोनापुढे ऋषिराज गावात उतरला होता. तो उभा राहून बघत होता. दुसऱ्यांदा त्याने स्वतः मोजलं.

“आये, तुला म्हाईत हुतं?”

“लेकाम्होरं बायकांचं असलं कसं काढायचं रं?” शालूबाई म्हणाल्या. “लाज वाटती.”

चंदनबालांना त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रंगुबाईने दांडा आडवा धरून ऋषिराजला पलंगाभोवतीच्या पडद्याबाहेर काढलं. शिवांजलीला दोघींनी पलंगावर घेतलं. पाठीवरचे वळ टरारून फुगले होते, तिला धड टेकताही येत नव्हतं. चंदनबालांनी बिनचष्म्याचे डोळे मशीनच्या स्क्रीनला भिडवले. बराच वेळ गेला. मग ते दिसलं, करड्या धुक्यात लुकलुकणारं, तांदळाच्या दाण्याएवढं.

“ठोके चालू आहेत,” त्या म्हणाल्या.

पडद्यापलीकडे ऋषिराज ढसाढसा रडायला लागला. “माझंच हाय. आये, माझंच हाय!” त्याने पडदा बाजूला सारला आणि शिवांजलीचे पाय धरले. “चुकलो गं. चल घरी.”

तिने पाय ओढून घेतले.

चंदनबालांनी पोलिसांचा नंबर काढला. ते बघून शालूबाई पुढे झाल्या. “आवं मॅडम, नगा. पोराची नोकरी जाईल. गोड बातमी हाय, झालं गेलं सोडा. शिवा, तू तरी सांग की त्यास्नी.”

“हो, तूच सांग,” चंदनबाला शिवांजलीला म्हणाल्या. “लावू का?”

शिवांजलीने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं. स्क्रीनवरचं लुकलुकणं ती एकटक बघत होती.

“ह्यांचंच हाय, ह्येच वाईट झालं,” ती म्हणाली. “लावा.”