वरचं नाव, खालचं नाव

जिमखान्यातल्या फळ्यावर सर प्रत्येक जागेपुढे खडूने दोन नावं लिहितात. वरचा खेळतो, खालचा बाकावर बसतो. कॉलेजच्या फुटबॉल संघात सेंटर हाफला दोन वर्षं माझं नाव वर होतं आणि धैर्यशीलचं खाली.

यंदा हंगामाच्या तोंडावर माझा गुडघा दुखावला. सरांना कळलं असतं तर जागा गेलीच असती. म्हणून धैर्यशील रोज सकाळी पाण्याच्या टाकीमागे माझ्या गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून द्यायचा. वर ट्रॅकपँट चढवली की कुणाला पत्ता लागत नसे. घरीसुद्धा मी बोललो नव्हतो.

"भावा, तुझी जागा तुझीच," तो म्हणायचा.

आज सरांनी नवी नावं लिहिली. त्याचं वर, माझं खाली.

"सर, माझं काय चुकलं?"

"आधी गुडघा बरा कर. दुखणं असं लपवायचं नसतं, पोरा," एवढंच बोलून सर मैदानाकडे वळले.

मी टाकीमागे गेलोच नाही. सगळी पोरं बूट चढवत होती, तिथंच पायरीवर बसलो. धैर्यशील बँडेज घेऊन मला शोधत आला.

"हितं काय बसलाईस? चल की मागं, उशीर होतोय."

मी ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर सारली आणि पाय त्याच्यापुढे केला.

"हितंच बांध. सरांना सांगितलंसच की. आता सगळ्यांना दाखव पण."